खच्ची घोडा घोड्यांसोबत सोडावा की वेगळा ठेवावा?

कुंपण घातलेला माळ एकच, त्यात घोड्या आधीपासून आहेत आणि आता एक खच्ची, म्हणजे अंड काढून टाकलेला, घोडा येणार आहे. सगळे एकत्र सोडायचे की मधे कुंपण घालायचं? मी दोन्ही केलं आहे. तळोज्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमची भाड्याची जागा आहे. तीन घोड्या, दोन खच्ची. त्यातला एक महालक्ष्मीच्या रेसमधून बाहेर पडलेला थरोब्रेड, दुसरा मारवाडी रक्ताचा. आधी सगळे एकत्र होते, आता वेगळे आहेत.

एकत्र ठेवण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. नवी मुंबईच्या आसपास जमिनीचा हिशोब गुंठ्यात करावा लागतो, त्यामुळे पाण्याची टाकी एक, शेड एक, कुंपण एक हा फायदा मोठा आहे. शिवाय घोडा कळपात राहणारा प्राणी. आमचा थरोब्रेड आला तेव्हा तबेल्याच्या दाराशी उभा राहून तासन्‌तास डावी-उजवीकडे डोलायचा. घोड्यांसोबत माळावर राहायला लागल्यावर ते पुष्कळ कमी झालं. दुपारी घोडी आणि तो एकमेकांच्या शेपटीशी तोंड करून उभे राहायचे, एकमेकांच्या माशा उडवायचे. हे रोज पाहिलेल्या माणसाला मधे कुंपण घालणं जड जातं. मलाही गेलं.

पण खच्ची केल्याने घोडा घोड्यांकडे पाहायचाच थांबतो, असं नाही. शस्त्रक्रियेनंतर हार्मोन थोड्या दिवसांत उतरतं, तरी उरलेलं वीर्य काही आठवडे टिकू शकतं. म्हणून नुकताच खच्ची केलेला घोडा महिना-दोन महिने घोड्यांपासून लांब ठेवायला सांगतात. त्यानंतरही काहींचं वागणं नरासारखंच राहतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशांचं प्रमाण २० ते ३० टक्के निघालं होतं. लहानपणी खच्ची केलेले आणि मोठेपणी केलेले, दोन्हींत जवळपास सारखंच. त्यामुळे ‘लवकर केलाय, काही करणार नाही’ या विकणाऱ्याच्या शब्दावर मी तरी विसंबत नाही.

घोडी साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस राहते. थंड देशांत हिवाळ्यात हे थांबतं. आपल्याकडे दिवस फारसे लहान-मोठे होत नाहीत, त्यामुळे काही घोड्या वर्षभर येत राहतात. तीन घोड्या असल्या की बऱ्याचदा कोणी ना कोणी माजावर असते.

अंगावर चढणं, हुंगून वरचा ओठ मुडपणं, दुसऱ्या खच्चीला दुगाण्या झाडणं, हे सगळं आमच्याकडे झालं. त्यासाठी मागच्या पायांचे नाल काढून टाकले आणि चंदीची घमेली लांब-लांब ठेवली, जनावरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. एवढ्याने बऱ्यापैकी भागलं. हे सांभाळता येतं.

सांभाळता आलं नाही ते राखण करणं. मारवाडी मान जमिनीलगत घालून, कान मागे पाडून घोड्यांना हाकत एका कोपऱ्यात नेऊन उभा करायचा आणि स्वतः मधे राहायचा. सईस म्होरकी घेऊन निघाला की याला लांबूनच कळायचं. तो येऊन घोडी वळवायचा, ती पळाली की बाकीच्या पळायच्या, पाठोपाठ थरोब्रेड. संध्याकाळी शिकायला आलेली मुलं हेल्मेट घालून फाटकाशी ताटकळत उभी आणि आम्ही दोघं माळभर घोडीमागे. पावसाळ्यात, जमीन निसरडी झालेली असताना, हे नुसतं वैतागाचं राहत नाही. पाच जनावरं एका अरुंद कोपऱ्यात वळतात, मधे माणूस असतो, आणि कोणाची लाथ कुठे बसेल ते सांगता येत नाही. घोडी हाती लागली तरी फाटकातून तिला एकटीला बाहेर काढणं आणि त्याला आत ठेवणं ही वेगळी कसरत. पुढचा तासभर तो कुंपणालगत येरझारा घालत खिंकाळायचा, आणि घोडीचंही लक्ष पाठीवरच्या मुलापेक्षा त्याच्याकडे. चावणं-लाथांपेक्षा या एका गोष्टीने माझं मत पालटलं. ज्या जागेत रोज एखादी घोडी बाहेर न्यायची असते, तिथे हा त्रास रोजचाच होतो.

वेगळं ठेवणं फुकट पडत नाही. जागा अर्धी होते आणि जुलैत त्या अर्ध्याचा चिखल लवकर होतो. एकच कुंपण मधे घातलं तर माजावरची घोडी त्यालाच पाठ लावून उभी राहते, लाथाही त्यातूनच बसतात. म्हणून दोन कुंपणं आणि मधे दहा-बारा फुटांची वाट ठेवावी असं मी म्हणेन. आम्ही लाकडी खांब आणि झटका मशीनची पट्टी लावली आहे. काटेरी तार घोड्यांना अजिबात नको. पावसात गवत वाढून पट्टीला टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि झटका लागेनासा होतो. खच्चीला हे आपल्याआधी कळतं. त्यामुळे पट्टीखालचं गवत सतत कापावं लागतं, मजुरी त्यातच जाते. सुरुवातीला हाकाही खूप मारतात. आमच्याकडे आधी सईसचीच झोप उडाली होती, पण हळूहळू ते निवळलं.

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. घोड्या नजरेसमोर असल्या तरी हाताशी नाहीत म्हटल्यावर दोघा खच्चींमधली भांडणं जवळपास संपली. आता ते एकाच गवताच्या ढिगावर तोंड घालतात. थरोब्रेडचं डोलणंही परत आलं नाही. त्याला सोबत हवी होती, ती घोडीचीच हवी असं नव्हतं बहुधा.

तुमच्याकडे एक म्हातारी घोडी आणि एक शांत खच्ची एवढंच असेल, कोणी रोज बाहेर जात नसेल, तर कुंपणाचा खर्च कदाचित नकोच. दोघांनाही वेगळं ठेवून एकटं पाडण्यात अर्थ नाही. पण खच्ची दोन किंवा जास्त असतील, घोड्यांवर रपेट चालत असेल, किंवा गाभण घोडी वा शिंगरू असेल, तर मी वेगळंच ठेवायला सांगेन. शिंगराच्या मागे लागणारे खच्ची असतात, आणि तो धोका पत्करण्यासारखा नाही.

खांब रोवण्याआधी एक काम करा. घोडा फारच नरासारखा वागत असेल तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. कधी एक अंड पोटातच राहिलेलं असतं, बाहेरून दिसत नाही आणि घोडा खच्ची म्हणून विकला जातो. एएमएच नावाची तपासणी त्यासाठी चालते, कारण ते हार्मोन नरात अंडातच तयार होतं. तसं निघालं तर आधी शस्त्रक्रिया, आणि तोवर त्या घोड्याला घोड्यांच्या वाऱ्यालाही उभं करू नका.