टॅबवर चालणारा डिजिटल मिक्सर: झाडीपट्टीतल्या एका सीझनचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर घेतलेला हा साउंडचा मिक्सर होळीपर्यंत वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरी, अर्जुनी मोरगाव या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, रात्रभराच्या नाटकांवर चालला. १६ माइक इनपुट, ६ ऑक्स (मॉनिटर वगैरेला वेगळा आवाज पाठवायच्या वाटा), डब्यावर एकही फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) नाही. सगळा कारभार टॅबवर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीचे डबे थोड्याफार फरकाने असेच चालतात.

पैसे वसूल झाले ते एकाच गोष्टीत. आपल्याकडे साउंडवाला बसतो स्टेजच्या बाजूला, बॉक्सच्या मागे. पब्लिकला काय ऐकू येतं हे त्याला कोणीतरी येऊन सांगावं लागतं: "भाऊ, मांगं हिरोइनचा आवाजच येऊन नाही राहिला." मग तो मास्टर (एकूण आवाज) वाढवतो आणि माइक शिट्टी मारतो. आता टॅब घेऊन थेट कनातीपाशी जाता येतं, तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) बसलेल्या बायांच्या मागे. तिथून ऐकलं की बहुतेक वेळा हिरोइनचा माइक कमी नसतोच; ऑर्गन आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) संवादावर चढलेले असतात. ते दोन्ही जरा खाली घ्या, संवाद आपोआप वर येतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, म्हणून टॉपही (वरचे स्पीकर बॉक्स) उंच बांधून तोंड मागच्या रांगांकडे करायचं. नुसता आवाज वाढवला तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांचे कान जातात, मागच्यांना तरी कळत नाहीच.

शिट्टीचं काम यात सोपं झालं. पब्लिक यायच्या आधी एकेक माइक हळूहळू वाढवायचा, शिट्टी सुरू झाली की ग्राफवर कोणती पट्टी (फ्रिक्वेन्सी) उसळते ते बघायचं आणि ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये तेवढीच पट्टी ३ ते ६ डेसिबल खाली ओढायची. दहा पट्ट्या ओढल्या तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तीन-चारवर थांबा. त्याहून कामाचं म्हणजे म्यूट. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. सीन दोघांचा असेल तर बाकीचे टांगलेले माइक बंदच हवेत. त्यासाठी नाटक माहीत लागतं, तालमीला एकदा तरी बसावं लागतं. लावणीत पाटांवर पाय आपटतात, तो धबधब आवाज प्रत्येक माइकचा लो-कट (खालचे जाड आवाज गाळणारी सोय) १०० ते १२० हर्ट्झवर लावला की जातो.

सीन (इथे नाटकाचा नव्हे, मिक्सरची सगळी सेटिंग) सेव्ह करण्याची सोय जाहिरातीत दाखवतात तेवढी उपयोगाची नाही. चॅनलची नावं, लो-कट, ऑर्गनची लेव्हल एवढं पुढच्या गावात कामाला येतं. इक्वलायझर दर स्टेजला नव्यानेच करावा लागतो.

आता डोकेदुखी. डब्यातला वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचा. संध्याकाळी मैदान रिकामं असताना छान चालतो. पब्लिक भरली, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, की टॅब मध्येच तुटतो, आणि नेमका व्हिलनच्या एंट्रीला. वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर बांबूवर, माणसांच्या डोक्यांच्या वर बांधल्यावर ही कटकट जवळपास संपली. दुसरं म्हणजे लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद, आणि लाइट आल्यावरही तो चालू व्हायला वेळ घेतो. जुना ॲनालॉग त्याच क्षणी बोलायला लागायचा. मिक्सर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर असल्याशिवाय रात्रभराच्या नाटकाला हे यंत्र नेऊच नका.

पहाटेच्या दवाने स्क्रीन ओली झाली की बोट धड लागत नाही. किड्यांचा त्रास वेगळाच: बांधीतले (धानाच्या शेतातले) सगळे किडे टॅबच्या उजेडावर येतात, एखादा झटकायला गेलं की सोबत फेडरही सरकतो. ब्राइटनेस अगदी कमी आणि खिशात सुती फडकं, एवढाच इलाज. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा ऊबदार असली की आवाज खाली वळून लांबवर जातो. रात्री दोननंतर बेस थोडा कमी करा, नाहीतर शेजारच्या गावातलेही जागे राहतात.

भजन, सप्ताह, हरिपाठ एवढंच काम असेल तर हे घेऊ नका. चार माइक, एक पेटी, एक मृदंग याला साधा ॲनालॉग पुरतो, आणि तो बिघडला तर आपल्याकडचा मेकॅनिक उघडून बघू शकतो. हा डबा बिघडला तर नागपूरला न्यावा लागतो. नाटकवाल्यांनी मात्र घ्यावा. राउटर आणि यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढून.