पिप-बॉय खरंच हातात घालायचा असेल तर: विकतचा, घरचा की साधं घड्याळ?

२००८ च्या ‘फॉलआउट ३’पासून पुढचे गेम ज्यांनी खेळलेत, त्यांना डावा हात वर करून हिरव्या पडद्यात डोकं खुपसायची सवय ठाऊक असेल. नकाशा, औषधं, गोळ्या, रेडिओ, किरणोत्सर्ग मोजणारा काटा, सगळं पिप-बॉय नावाच्या त्या एका ढब्बू मनगटी यंत्रात. २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉन प्राइमवर ‘फॉलआउट’ मालिका आली आणि गेम कधीही न खेळलेली मंडळीसुद्धा विचारायला लागली, की असलं काही विकत मिळतं का हो? मिळतं. घरीही बनवता येतं. पण पर्याय एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की आधी स्वतःलाच विचारून घ्या: मिरवायचंय, खटपट करायचीय की रोज वापरायचंय?

गेममध्ये पिप-बॉय एवढा सोयीचा का वाटतो, हेही आधी बघू. ‘फॉलआउट ३’ किंवा ‘४’ मध्ये तो उघडला की जग थांबतं, अंगावर येणारा राक्षस जागच्या जागी उभा राहतो. २०१८ चा ‘फॉलआउट ७६’ ऑनलाइन आहे, तिथे जग थांबत नाही, आणि तोच पिप-बॉय ऐन लढाईत गळ्यात येतो. आपल्याकडे तर रिक्षावालासुद्धा थांबत नाही. त्यात फोन एका हाताने चालतो, धरणाराही तोच हात आणि अंगठाही त्याचाच. मनगटावरच्या संगणकात दोन्ही हात अडकतात: एकावर तो बसलेला, दुसरा त्याची बटणं फिरवतोय. मी प्रत्येक पर्यायाला हाच प्रश्न विचारला, की हे बघायला किती सेकंद लागतात आणि तेवढ्यात किती हात अडकतात.

तयार प्रतिकृती

‘द वाँड कंपनी’ या ब्रिटिश कंपनीने मालिकेतल्यासारखा पिप-बॉय ३००० मार्क ५ काढला. जाहीर केलेली किंमत १९९.९९ डॉलर. भारतात मागवायचा तर कुरिअर आणि कस्टम्स वेगळं, त्यामुळे रुपयांतला आकडा डोळे मिटून दीडपट धरा. दिसायला तो फारच देखणा आहे, आणि घरच्या थ्रीडी प्रिंटरवर ही सफाई येणं कठीण.

मला त्यात आवडलेली गोष्ट मात्र आतली आहे. तो एस्प्रुइनोवर चालतो, म्हणजे छोट्या चिपवर थेट जावास्क्रिप्ट ही वेबसाइटवाली प्रोग्रामिंगची भाषा. त्यामुळे हौशी लोक त्यात स्वतःची ॲप्स घालतात. म्हणजे ही निव्वळ शोभेची वस्तू नाही. पण रोज ऑफिसला घालून जाल? शर्टाची बाही त्यावरून खाली येत नाही, बसमधल्या दांड्याला तो आपटतो आणि लॅपटॉपवर टाइप करताना टेबलावर टेकतो. कार्यक्रम, फोटो, वाढदिवस, एवढ्यासाठी उत्तम.

कुणी जुना, २०१५ च्या ‘फॉलआउट ४’सोबत आलेला पिप-बॉय विकत असेल तर जपून. ते नुसतं खोकं होतं, आत आपला फोन बसवायचा आणि ॲपवरून गेमशी जोडायचा. तेव्हाचा आयफोन ६ प्लससुद्धा त्यात मावत नव्हता, तिथे आजचे फोन कुठले मावणार? कपाटात ठेवायला घ्यायचा असेल तर घ्या.

घरचा: रास्पबेरी पाय की ईएसपी३२?

बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. नेटवरचे बरेचसे नमुने रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकावर बनलेले आहेत, कारण पायथन भाषेत लिहिलेला पिप-बॉयचा इंटरफेस आयता मिळतो. पाय झीरो २ डब्ल्यू हा बोर्ड ६५ × ३० मिलिमीटरचा, चार कोअरचा, ५१२ एमबी रॅमचा. २०२१ मध्ये १५ डॉलरला आला. कागदावर अगदी मनगटासाठीच घडवल्यासारखा.

आता हिशेब मांडू. बोर्ड, साडेतीन इंची पडदा आणि वाय-फाय मिळून सहज दोन-अडीच वॅट खातात. हातात मावेल असा २००० एमएएचचा लिथियम सेल घेतला तर त्यात ३.७ व्होल्टने ७.४ वॅट-तास होतात. ते ५ व्होल्टवर चढवताना थोडी गळती, म्हणजे हाती साडेसहाच्या आसपास. भागाकार करा: जेमतेम अडीच-तीन तास. सकाळी घातला की डब्याच्या वेळेला बंद. सेल दुप्पट केला तर वजन मनगटावर येतं, आणि हात सतत कोपरात वाकवून धरायचा असल्यामुळे खांदा बोलायला लागतो.

शिवाय पाय हा पूर्ण लिनक्स संगणक. खटका दाबल्यावर लगेच उठत नाही, आणि झोपवतानाही रीतसर शटडाउन द्यावं लागतं. नुसता खटका बंद करत गेलात तर एक ना एक दिवस मेमरी कार्डवरच्या फायली खराब होणार. वेळ बघायला हात वर केला आणि समोर काळ्या पडद्यावर बूट होतानाच्या ओळी सरकतायत, ही गंमत पहिल्या दिवशी फार भारी वाटते. दुसऱ्या आठवड्यात नाही.

ईएसपी३२ हा छोट्या चिपचा बोर्ड याच्या अगदी उलट. रॅम किती, तर ५२० केबी. ऑपरेटिंग सिस्टिमचा बारदाना नाही, त्यामुळे वीज मिळताच कामाला लागतो. काम नसेल तेव्हा चिपला गाढ झोपेत घालता येतं आणि तेव्हा ती मायक्रोॲम्पमध्ये वीज घेते. वाय-फाय, ब्लूटूथ दोन्ही आहेत. व्हिडिओ, ब्राउझर विसरा. पण पिप-बॉयला लागतं काय? हिरवी अक्षरं, दोन-चार याद्या, एक नकाशाचं चित्र. २४० मेगाहर्ट्झच्या चिपला ते सहज झेपतं. किंमतही कमी, म्हणून चुकून जळला तर जीव जळत नाही.

माझा कौल ईएसपी३२ ला. पायचा हट्ट त्यानेच धरावा ज्याला मनगटावर खरोखर लिनक्सचं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा पडदा, हवंय, आणि असे लोक असतात.

कुठलाही बोर्ड घ्या, पैसे वाचवू नका ते गोल फिरणाऱ्या नॉबवर, म्हणजे रोटरी एन्कोडरवर. पिप-बॉयची सगळी मजा त्या कट-कट आवाजात आहे. स्वस्त एन्कोडरचे संपर्क थरथरतात, एक खाच फिरवली तर यादी तीन ओळी उडी मारते. कोडमध्ये डिबाउन्स घाला, म्हणजे ती थरथर गाळून टाका, तरी नाही सुधारलं तर एन्कोडर बदला. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे दुकानात उभं राहून नॉब फिरवून घेता येतो. ऑनलाइन फोटोत खाच कळत नाही.

खोकं थ्रीडी प्रिंट करायला पीएलए हे प्लास्टिक सोपं, म्हणून सगळे तेच वापरतात. ते साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलंत तर संध्याकाळी केळ्यासारखं वाकलेलं मिळेल. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० अंशांच्या आसपास टिकतं, आपल्या हवेत तेच बरं. आतून फोम लावा, आणि तो काढून धुता येईल असा लावा. घामाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

किरणोत्सर्ग मोजणारा काटा खराच हवा असेल तर तेही जमतं. एसबीएम-२० ही किरणोत्सर्ग टिपणारी जुनी सोव्हिएत बनावटीची गायगर नळी हौशी लोकांची आवडती. साधारण ११ सेंटिमीटर लांब, म्हणून घड्याळात मावणार नाही, पण पिप-बॉयच्या अंगाने आडवी बसते. तिला ४०० व्होल्टच्या आसपास दाब लागतो, तोही मनगटाच्या घामाशेजारी. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर या वाटेला जाऊ नका.

स्मार्टवॉच

वेअर ओएस या गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या घड्याळावर पिप-बॉयसारखा चेहरा चढवणं पाच मिनिटांचं काम. ॲपल वॉचवर बाहेरच्यांचे वॉच फेस चालत नाहीत, तिथे आतल्या ॲपवर समाधान मानावं लागतं. माझ्या कसोटीला सगळ्यात नीट उतरतं ते घड्याळच: नजर टाकली, कळलं, हात खाली. दुसरा हात लागलाच नाही. फक्त त्यात पिप-बॉय उरत नाही, हिरवं घड्याळ उरतं.

मधला मार्ग म्हणजे बँगल.जेएस २ हे स्मार्टवॉच. हेही एस्प्रुइनोवरच चालतं, पडदा कायम चालू राहतो, जीपीएस आहे, आणि स्वतः लिहिलेलं ॲप ब्राउझरमधून चढवता येतं. प्रोग्रामिंगची हौस आहे पण प्रिंटर नाही, त्यांनी आधी इथे नजर टाकावी. पुढेमागे वाँडची प्रतिकृती घेतलीत तर भाषा तीच.

आणि जे खरोखर कामाला जुंपलेत ते

मनगटी संगणक गोदामांत कित्येक वर्षं राबतायत. झेब्रा कंपनीचा डब्ल्यूटी६००० बघा: अँड्रॉइड, ३.२ इंची पडदा, मार खाऊन टिकणारा. माल उचलणाऱ्या माणसाच्या हातावर तो असतो आणि बारकोडचा स्कॅनर अंगठीसारखा बोटात. दोन हातांचा घोळ त्यांनी असा सोडवला: पडदा फक्त बघायचा, काम बोटाने करायचं, खोकं उचलायला दोन्ही तळवे मोकळे. जुना तुकडा मिळाला तर हौशी माणसाला मोह होईल. पण दिसायला तो रुक्ष, अँड्रॉइड जुनं, आणि बॅटऱ्या थकलेल्या असण्याची शक्यता मोठी. घ्यायचाच तर बॅटरी लावून, चालवून दाखवा म्हणावं.

तर कॉमिक कॉनसाठी, म्हणजे कॉमिक्स-गेमच्या चाहत्यांच्या मेळाव्यासाठी हवा असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर प्रतिकृती. सुट्टीत काहीतरी बनवायचंय, घरात सोल्डरिंग गन आहे, तर ईएसपी३२. रोज वापरायचा असेल, तर बँगल किंवा आहे त्याच स्मार्टवॉचवर नवा चेहरा. आणि घरी बनवलेला पिप-बॉय घेऊन विमानाने निघालात तर सुटे सेल केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात ते चालत नाहीत. वायरी लोंबणारं ते यंत्र हातावर चढवून सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहायची हौस मात्र आवरा.