१४ फुटी जुनी ॲल्युमिनियमची बोट: घरी दुरुस्त करून आठ महिने पाण्यावर चालवल्यानंतर

नोव्हेंबरात रामटेकच्या बाजूच्या एका तलावावर बोट पहिल्यांदा पाण्यात सोडली. तेव्हापासून इंजिन साधारण ६० तास चाललं असेल, वल्ह्याचे तास वेगळे. दुरुस्ती चालू असताना लिहायचं मी मुद्दाम टाळलं, कारण ताज्या रंगात कुठलीही बोट देखणीच दिसते. आता तिने एक हिवाळा आणि नागपूरचा एक अख्खा उन्हाळा काढलाय.

माझं मत आधीच सांगते. जुनी रिबीटांची, म्हणजे दोन्हीकडून ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी जोडलेली बोट घेतलीत तर पैसा आणि वेळ रिबीटांवर, मागच्या फळीवर आणि बोट तरंगती ठेवणाऱ्या बाकांखालच्या फोमवर घाला. वेल्डिंगवर आणि रंगावर नको. मी सुरुवात उलटी केली आणि तीन महिने वाया घालवले.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, आमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं. शेजारच्या आजींना बोटीतून नेताना पाहिलं आणि तेव्हापासून बोट डोक्यातून गेली नाही. वर्षभराने कामठी रोडवरच्या एका भंगारवाल्याकडे ही दिसली. उलटी पडलेली, पाठीवर टिनाची पत्रं रचलेली. कारखान्याची पट्टी उखडलेली होती. किलोच्या भावाने घेतली. काट्यावर १२४ किलो भरली. घरी आणून बाकं उघडली तर आतला जुना फोम पाणी पिऊन बसलेला. तो काढून वजन केला: ३१ किलो! मागची कुजकी फळीही काढल्यावर बोट राहिली ९० किलोंची. इतकी वर्षं ती हे ओझं वाहत होती.

तळाला आधीच्या मालकाने डांबर थापलं होतं, त्यावर मळून लावायचं इपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारा चिकटा). दोन्ही जागोजागी तडकलेली. कारण साधं आहे. ॲल्युमिनियम तापलं की बरंच पसरतं. १४ फुटांचा पत्रा पहाटेच्या २० अंशांवरून मे महिन्याच्या दुपारी ६० वर गेला तर लांबीत जवळपास ४ मिलिमीटरने वाढतो. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याला रोज हा व्यायाम होतो. कडक होणारं काहीही त्याच्याबरोबर ताणलं जात नाही, सुटतंच. म्हणून जोडांना पॉलियुरेथेनचा, सुकल्यावरही रबरासारखा राहणारा सीलंट वापरला. महाग पडला. आठ महिन्यांत एकाही ठिकाणी सुटलेला नाही.

डांबर काढायला आमच्या रंगाऱ्याने कॉस्टिक सोडा सुचवला. कृपा करून हे करू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. मी लाकडी पट्टी, रॉकेल आणि स्टेनलेसचा तारेचा ब्रश यांवर भागवलं. साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात रुततात, तिथे पुढे गंज धरतो. सगळा तळ मोकळा व्हायला १६ रविवार लागले.

आता ती चूक. मागच्या कोपऱ्यात बोटभर चीर होती. एका फॅब्रिकेशनच्या दुकानात आर्गॉनचं वेल्डिंग करून घेतलं, दिसायला सुरेख. पण पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा, जोडात वर्षानुवर्षांचं तेल आणि चिखल, शिवाय वेल्डच्या आचेने शेजारच्या पत्र्याची ताकद घटते. तिथली सहा रिबीटं ढिली पडली. फेब्रुवारीत वेल्डला लागूनच नवी चीर दिसली. शेवटी चिरेच्या दोन्ही टोकांना छोटी भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. वरून त्याच जातीच्या पत्र्याचं ठिगळ सीलंट लावून रिबीटांनी बसवलं. ते आजही कोरडं आहे.

रिबीटांचं काम मला इतवारीतल्या एका काकांनी शिकवलं. कढयांचे कान बसवण्यात त्यांची हयात गेली. आधी बोटीत तीन इंच पाणी भरून, तळाला चांगले टेकू देऊन, खालून टॉर्च घेऊन गळणारं प्रत्येक रिबीट मार्करने खुणावलं. हे रात्रीच करा. दुपारी थेंब पडायच्या आत वाळतो, खूण राहत नाही. पहिल्या रात्री ४३ खुणा झाल्या. मग मुलगा आत डॉली (रिबीटामागे धरायचा जड लोखंडी ठोकळा) टेकवून बसायचा आणि मी बाहेरून स्नॅप (रिबीटाच्या डोक्याला आकार देणारा ठोकणा) धरून हातोडी मारायची. पहिली दहा मी बिघडवली, डोकी वाकडी झाली. काका घरी आले, दोन मारून दाखवली आणि म्हणाले, "ताई, घाव जोराचा नाही लागत, सरळ लागते. पहिले पोराची डॉली टेकू द्या, मंग मारा." त्यानंतर जमलं. ढिल्या रिबीटांपैकी बहुतेक नुसती पुन्हा ठोकून घट्ट झाली. १७ मात्र काढून, भोक थोडं मोठं करून, जाड रिबीट घालावी लागली.

पुढच्या बाकाखाली हात पोचत नव्हता, तिथे पाच पॉप रिबीटं (एकाच बाजूने बसवता येणारी) मारली. बाजारात सहज मिळणारी ती आतून पोकळ असतात, शिवाय आत राहणारी खिळी लोखंडी. मार्चमध्ये त्यातली तीन गळायला लागली, भोवती तांबूस डाग. बंद टोकाची, पूर्ण ॲल्युमिनियमची मागवून बदलली, आता ठीक आहेत. आधीच मागवायला हवी होती.

इंजिन ज्या मागच्या फळीवर अडकवतात, तिच्यासाठी १८ मिलिमीटरचे दोन आयएस ७१० (भारतीय मानक) मरीन प्लाय इपॉक्सीने चिकटवून ३६ ची फळी केली. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध मारलेल्या प्लायमध्ये तांब्याचे क्षार असू शकतात, आणि ओलाव्यात तांबं ॲल्युमिनियमला पोखरतं. म्हणून फळीच्या सगळ्या बाजूंना, विशेषतः कडांना, इपॉक्सीचे तीन हात दिले. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्यातून पुन्हा बारीक भोकं पाडली, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचूच नये. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर. फळी आजही दगडासारखी आहे. फक्त पाणी काढायच्या बुचापाशी माझ्याकडून एक कड खरवडली गेली होती. नेमकी तिथेच जूनमध्ये पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियम पोखरल्याची खूण, दिसली.

फोमचा हिशेब मुलाने केला आणि मला तो फार आवडला. ॲल्युमिनियम पाण्यापेक्षा २.७ पट जड, म्हणून ९० किलोंचा पत्रा बुडाला तरी पाण्यात त्याचं वजन ५७ किलोंच्या आसपासच भरतं. त्यात इंजिन, फळी, सामान धरलं. एक लिटर फोम ढोबळमानाने एक किलो तोलतो. आम्ही बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम १४० लिटर भरला. थर्मोकोल स्वस्त पडला असता, पण पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. पहिल्याच दिवशी काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात बोट मुद्दाम काठोकाठ भरून पाहिली. बुडाली नाही, आडवी तरंगत राहिली, आम्ही दोघे कडेला धरून उभे. जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात नाव उलटून नागपूरची तरुण पोरं गेली, ते या शहरात कुणी विसरलेलं नाही. आमच्या बोटीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणीही पाय ठेवत नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी.

रंगाबद्दल थोडक्यात. घासलेल्या पत्र्यावर तासाभरात एच प्रायमर (etch, धातूला घट्ट धरणारा पहिला हात) मारा, नाहीतर ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो. मेमध्ये थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडतो, म्हणून पहाटे पाच ते सात एवढीच वेळ. मी फिकट राखाडी, चमक नसलेला रंग घेतला. आत एक बाक नुसतं पॉलिश करून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये त्यावर बसवेना आणि त्याची चकाकी डोळ्यांत जाई. तेही रंगवलं.

इंजिन ८ अश्वशक्तीचं, दोन-स्ट्रोक, जुनं. ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर तेल. ते चांगलं आहे, पण हल्ली पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरी नळी दोन महिन्यांत चिकट मऊ करून टाकली. इथेनॉल चालणारी नळी घातली. दिवस संपला की नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवते, टाकीत उरलेलं फार दिवस ठेवत नाही. महिनाभर डब्यात ठेवलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि मग इंजिन रुसतं.

तलावावर मासेमारी संस्थेचे एक ढिवर दादा आहेत, बोट त्यांच्या डोंग्यांशेजारी उलटी ठेवलेली असते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शिंगाड्याकडं नका नेऊ जी, पंखा गुंडाळून बसन." पंखा म्हणजे इंजिनचा प्रोपेलर. मी जानेवारीत एकदा नेलीच. शिंगाड्याची वेल सुटली, पण तिच्यात अडकलेला जाळ्याचा नायलॉन दोरा शाफ्टवर घट्ट बसून सील कापून गेला. गिअरचं तेल काढलं तर दुधासारखं पांढरं, म्हणजे आत पाणी. सील आणि तेल बदललं. तेव्हापासून दर दहा तासांनी पंखा काढून शाफ्ट पाहते. इंजिनमागून ते थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे, ती थांबली की लगेच बंद करायचं. शेवाळाने दोनदा थांबली होती.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. इंजिन लावलेल्या बोटीला इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ लागू होतो (१९१७ चा जुना कायदा त्याने गेला), त्यात नोंदणी आणि तपासणी आहे. तलाव ज्यांच्या ताब्यात, त्या पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी वेगळी. आम्हाला या सगळ्यात रिबीटांपेक्षा जास्त दिवस लागले. तोतलाडोहासारखा जलाशय व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे हौसेची बोट न्यायचा विचारही नको.

गळतीचं मोजमाप मी वहीत ठेवलंय. नोव्हेंबरात तासाला अर्धा लिटर पाणी आत यायचं. पॉप रिबीटं आणि ते ठिगळ झाल्यावर, आता पूर्ण दिवसभरात एक लोटा, तोही बहुतेक आमच्या पायांनी आलेला. ९० किलोंची बोट हलकी राहिल्याने तीन माणसं घेऊनही सहज चालते. पहाटे समोर गडमंदिर आणि पाणी आरशासारखं असतं, तेव्हा इंजिन बंद करून मी नुसती वल्हवते. पत्र्यावर पाण्याचा जो बारीक टपटप आवाज येतो तो लाकडी डोंग्यात येत नाही.

पावसाळ्यात बोट काठावरच राहील. दसऱ्यानंतर बुचापाशी फळी थोडी उघडायची आहे, ती भुकटी किती आत गेलीय ते पाहायला. काकांनाही एकदा तलावावर न्यायचं आहे. त्यांनी ठोकलेली ती दोन रिबीटं डाव्या बाजूला पुढून तिसऱ्या ओळीत आहेत, मी त्यांच्यावर रंग चढवलेला नाही.