दार्जिलिंगमधला एक मोकळा दिवस : ‘सेव्हन पॉइंट’ की पेशोकचा रस्ता?

दार्जिलिंगच्या सहलीत टायगर हिलची पहाट आणि टॉय ट्रेन ही दोन कामे उरकल्यावर बहुतेकांच्या हाती एकच मोकळा दिवस राहतो. तो टॅक्सी स्टँडवरच्या ‘सेव्हन पॉइंट’ फेरीला, म्हणजे शहरातली ठरलेली सात ठिकाणे दाखवणाऱ्या फेरीला द्यावा, की गाडी दिवसभरासाठी रिझर्व्ह करून लामाहट्टा, ताकदा आणि पेशोकच्या रस्त्याला लागावे, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. मी दोन्ही केले आहे. माझा कल कुठे आहे हे पुढे लपणार नाहीच. तरीही पहिल्या पर्यायाची बाजू आधी मांडणे न्याय्य ठरेल.

पॉइंटांच्या फेरीत खरे वजन प्राणिसंग्रहालयाला आणि 1954 साली स्थापन झालेल्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटला आहे. दोन्ही एकाच आवारात असून तिथले लाल पांडा, हिमबिबटे आणि गिर्यारोहणाचे संग्रहालय एवढ्यासाठीच फेरी घेतली, तरी पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही. 1959 साली सुरू झालेल्या तिबेटी निर्वासित केंद्रातील गालिचे विणण्याचे कामही सावकाश पाहण्याजोगे आहे. तेनझिंग रॉक आणि भाड्याचा नेपाळी पोशाख चढवून फोटो काढण्याचा चहाचा मळा ही ठिकाणे मात्र यादी भरण्यासाठी असावीत, असे मला वाटते. जाणता गाइड लाभला, तर गोष्ट वेगळी. टायगर हिलवरून मकालू एव्हरेस्टपेक्षा उंच दिसतो, कारण तो आपल्याला जवळचा आहे, हे मला शेजारच्या गटाच्या गाइडमुळे कळले; एरवी मी मकालूलाच एव्हरेस्ट समजून नमस्कार करून आलो असतो.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने केला ती म्हणजे चालकाचे घड्याळ. हंगामात त्याला दुपारी दुसरी फेरी मिळण्याची आशा असते, त्यामुळे त्याला दोष देणे बरोबर नाही. पण प्रत्येक ठिकाणी उतरताना ‘सर, बीस मिनट’ हे शब्द कानावर पडतात आणि दिवसाचा सूर तिथेच ठरतो. संग्रहालयात हिमालयाची उठावाची प्रतिकृती मांडलेली आहे. आदल्या पहाटे पाहिलेली शिखरे तिच्यावर मी नुकती कुठे जुळवू लागलो होतो, तोच फोन वाजला. गाडी फाटकापाशी फार वेळ उभी करू देत नसल्याने चालक खालच्या वळणावर गेला होता आणि ती परत वर येईल त्या क्षणी आम्ही रस्त्याच्या कडेला हजर असणे त्याला हवे होते. हिमबिबट्याच्या पिंजऱ्याकडे जायचे राहून गेले. फाटकाबाहेर धावतपळत आलो, तर गाडी कोंडीत अडकलेली, आणि वाचवलेली सगळी मिनिटे आम्ही उभ्याउभ्या तिची वाट पाहण्यात घालवली. असे सर्वांच्याच वाट्याला येईल असे नाही, पण ठिकाणे सात आणि दिवस अर्धा असल्यावर दुसरे काय होणार?

पेशोक रस्ता जोरबंगल्यापाशी हिल कार्ट रोडपासून वेगळा होतो आणि थोड्याच वेळात गाड्यांची गर्दी मागे पडते. लामाहट्ट्याला धुपीच्या उंच झाडांची राई आणि वर चढून गेल्यावर लहानसे तळे आहे. ताकद्याला ब्रिटिश छावणीच्या काळातले बंगले अजून उभे आहेत. पुढे पेशोकच्या बाजूला तीस्ता आणि रंगीत यांचा संगम खोल दरीत दिसतो आणि दोन नद्यांच्या पाण्याचे रंग वेगळे ओळखू येतात. जोरबंगल्याशेजारचे घूम 2,258 मीटरवर असल्याने सकाळी घातलेला स्वेटर इथवर उतरेपर्यंत काढून ठेवावा लागतो. गाडी दिवसाच्या बोलीवर असली, की चालकही निवांत होतो; आमच्या चालकाने मोमोसाठी आपल्या ओळखीच्या टपरीवर गाडी थांबवली आणि तिथून उठण्याची घाई आम्हालाच करावी लागली.

या रस्त्याचे तोटेही आहेत. उतार तीव्र आहे, वळणे संपत नाहीत, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची जागा आधीच मागून घ्यावी. दोघांनाच गाडीचे भाडे जड जाते. धुके उतरले, तर संगम दिसत नाही आणि तेवढ्या पैशांत पाहिलेले काय, असा प्रश्न पडतो. संग्रहालय निदान धुक्यातही उघडे असते. पावसाळ्यात मी हा रस्ता सुचवणार नाही. वयस्कर मंडळी सोबत असतील आणि दार्जिलिंगला पुन्हा येणे होणार नसेल, तर पॉइंटांची फेरीच सोयीची पडेल. परतीला मिरिकमार्गे उतरून वाटेतच निसर्ग पाहण्याचा बेतही चांगला आहे, मात्र 2025 च्या ऑक्टोबरमधल्या अतिवृष्टीत दुधियाचा पूल कोसळला होता, त्यामुळे त्या वाटेची चौकशी निघण्याआधी करावी.

माझ्या दृष्टीने पारडे झुकते ते एका साध्या कारणाने. प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालय चौरस्ता या शहरातल्या मुख्य चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आल्या दिवशीची दुपार त्यांना दिली, की फेरीतला उत्तम भाग कोणाचाही फोन न येता पाहून होतो. फक्त गुरुवारी प्राणिसंग्रहालय बंद असते, तेवढे पाहावे. पेशोकला मात्र गाडीवाचून जाता येत नाही. गाडी ठरवताना ताकदा आणि संगमाचा व्ह्यू पॉइंट भाड्यात धरला आहे का, हे स्टँडवरच स्पष्ट विचारावे, आणि ढग बहुधा दुपारकडे चढत असल्याने सकाळी सातच्या आत निघावे.