युनिस्पाल: पॅलेस्टाइन प्रश्नाचा फुकटातला दप्तरखाना

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातला पॅलेस्टिनी हक्क विभाग युनिस्पाल हा कागदपत्रांचा ऑनलाइन संग्रह चालवतो. नोंदणी नको, पैसे नकोत. ठराव, बैठकांची इतिवृत्तं, राजदूतांची पत्रं, १९४९चे शस्त्रसंधी करार असा सगळा ऐवज इथे आहे. इस्रायल-पॅलेस्टाइनवर लिहायचं तर आधी इथे यावं, मग इतरांचे लेख वाचावेत.

पण १९६७च्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याच्या माघारीबद्दलचा सुरक्षा परिषदेचा ठराव २४२ हवा असेल आणि शोधपेटीत नुसतं '२४२' टाकलंत तर वैतागाल. १९६७ नंतरचे असंख्य ठराव त्याचा हवाला देतात, त्यामुळे निकालांचा ढीग येतो आणि मूळ कागद त्यात बुडतो. दस्तऐवज क्रमांक पूर्ण टाकावा, तोही रोमन लिपीत: S/RES/242 (1967). 'एस' म्हणजे सुरक्षा परिषद, 'ए' म्हणजे आमसभा. आमसभेच्या ३०व्या अधिवेशनापर्यंत क्रमांकापुढे कंसात रोमन आकड्यात अधिवेशन असे. पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव 181 (II), निर्वासितांचा 194 (III). १९७६पासून अधिवेशन आधी आणि ठराव नंतर, जसं ६७/१९. हे ठाऊक नसेल तर समोर असलेला कागदही सापडत नाही.

२४२ उघडलात की इंग्रजी मजकुरावर थांबू नका. इंग्रजीत माघार 'फ्रॉम टेरिटरीज' आहे, 'द' नाही. म्हणून सगळ्याच प्रदेशातून माघार बंधनकारक नाही, असं इस्रायल म्हणतो. फ्रेंचमध्ये 'दे तेरितुआर' आहे आणि त्याचा सरळ अर्थ 'त्या प्रदेशांतून' असा होतो. एका उपपदावर अर्धशतकाहून जास्त काळ वाद चाललाय आणि त्याची दोन्ही टोकं शेजारी ठेवून पाहता येतात. मात्र अवतरण द्यायचं तर वेबपानावरचा मजकूर उचलू नका, मूळ पीडीएफशी ताडून घ्या. क्रमांकाच्या शेवटी 'कॉर.' दिसलं तर ती शुद्धिपत्रिका, 'रेव्ह.' म्हणजे सुधारित आवृत्ती.

नवखे सर्वात जास्त फसतात ते वेगळ्याच जागी. कागदावर संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आहे म्हणून तो संयुक्त राष्ट्रांचं मत ठरत नाही. कुठल्याही सदस्य देशाचं पत्र त्याच्या विनंतीवरून इतर सदस्यांना वाटलं जातं आणि त्यालाही क्रमांक मिळतो. इस्रायल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेतला १९९३चा ऑस्लो करार ए/४८/४८६ या क्रमांकाने इथे आहे तोही रशिया आणि अमेरिकेच्या पत्राला जोडलेला. त्यामुळे पहिल्या पानावरचं 'कोणाकडून' आधी वाचावं, मजकूर नंतर.

दुसरी मर्यादा विभागाच्या नावातच आहे. इस्रायलच्या कायदेशीर बाजूसाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वेगळे मिळवावे लागतात. इस्रायलने वेस्ट बँकेत बांधलेल्या विभाजक भिंतीवरचं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लामत ९ जुलै २००४चं आहे. त्याच्या नऊच दिवस आधी, ३० जूनला, इस्रायली न्यायालयाने बेत सुरीक खटल्यात याच भिंतीच्या एका पट्ट्यासाठीचे बरेचसे जमीन-ताब्याचे आदेश रद्द केले होते. सुरक्षेसाठी भिंत बांधायला हरकत नाही, पण गावकऱ्यांचं नुकसान प्रमाणाबाहेर होतंय, हा त्याचा आधार. हे दोन निकाल जोडीने वाचले नाहीत तर चित्र अर्धंच राहतं.

आणखी एक त्रास: युनिस्पालचा जुना पत्ता बदललाय. जुन्या पुस्तकांतले आणि विकिपीडियावरचे दुवे मेलेले निघतात. दुव्याच्या मागे न लागता क्रमांक उचलावा आणि नव्याने शोधावा.

भारतासाठी ए/३६४ अवश्य काढा. पॅलेस्टाइनचं काय करायचं हे सुचवायला नेमलेल्या १९४७च्या ११ सदस्यांच्या विशेष समितीचा हा अहवाल. भारताचे सर अब्दुर रहमान त्या समितीत होते आणि भारत, इराण, युगोस्लाव्हियाने फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली होती. कोणी कसं मत दिलं हे मात्र संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत पटकन सापडतं: १८१ला ३३ विरुद्ध १३, तटस्थ १०, भारत विरोधात; पॅलेस्टाइनला बिगर-सदस्य निरीक्षक राष्ट्राचा दर्जा देणाऱ्या २०१२च्या ६७/१९ला भारत बाजूने; इस्रायलने ताबा संपवावा असं म्हणणाऱ्या, आणीबाणीच्या विशेष अधिवेशनातल्या सप्टेंबर २०२४च्या ईएस-१०/२४ला १२४ विरुद्ध १४, तटस्थ ४३, आणि भारत त्या ४३मध्ये.