जनसंवाद व पत्रकारितेचे एम.ए. खान्देशात करावे का? एक अभिप्राय

खान्देशातील एका महाविद्यालयातून मी जनसंवाद आणि पत्रकारिता या विषयात एम.ए. केले. हा अभ्यासक्रम इथेच करावा की पुणे गाठावे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा अभिप्राय आहे. ज्याला जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहून बातमीदारी करायची आहे, त्याने तो इथेच करावा. दूरचित्रवाणीच्या निर्मितीकडे ओढा असलेल्याने मात्र दुसरीकडे चौकशी करावी, असे माझे मत आहे.

संवादाच्या सिद्धांतांचा पेपर कोरडा असतो, अशी सर्वत्र तक्रार असते. आमच्याकडे तो सर्वांत जिवंत ठरला. मॅक्कोम्ब्स आणि शॉ या अमेरिकी माध्यम अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल येथील मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात हे विचारले, त्याच काळातील वृत्तमाध्यमांचा मजकूर तपासला आणि या दोहोंचा मेळ दाखवणारा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. हे फळ्यावर लिहून देऊन आमचे प्राध्यापक थांबले नाहीत. त्यांनी आम्हाला वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांची पहिली पाने मोजायला लावली आणि नंतर गावोगावी जाऊन लोकांना तेच प्रश्न विचारायला लावले. ज्या गावांत पिण्याचे पाणी हा लोकांच्या बोलण्यातला पहिला विषय होता, तिथल्या टंचाईची बातमी आतल्या पानावर एका स्तंभात आटोपलेली आढळली, तेव्हा माध्यमे ज्या प्रश्नांना महत्त्व देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात, हा त्यांचा सिद्धांत कुठे लागू पडतो आणि कुठे अपुरा पडतो, हे आमचे आम्हालाच दिसले.

बातमीलेखनाच्या प्रात्यक्षिकाबद्दलही असेच मनापासून सांगावेसे वाटते. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा बोर्डावरचा, म्हणजे जाहीर झालेला, भाव आणि प्रत्यक्ष खरेदीचा भाव यांत तफावत असल्याची तक्रार जुनीच आहे. एका वर्गमित्राने त्यावर बातमी लिहिली आणि इंट्रोतच, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदातच, ‘शेतकऱ्यांमध्ये तीव्र संताप’ असे लिहून टाकले. सरांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून समासात विचारले, ‘किती शेतकऱ्यांशी बोललात? काटापट्टी पाहिली का?’ तो पुन्हा गेला, शेतकऱ्यांकडच्या काटापट्ट्या, म्हणजे वजनाच्या पावत्या, पाहून आला आणि संतापाचा शब्दही न वापरता, दोन भावांतील फरक आकड्यांत मांडणारी बातमी त्याने लिहिली. अशी तपासणी प्रत्येकाच्या प्रत्येक बातमीची होत असे.

माध्यम कायद्याचा पेपर बरा होता; माहिती अधिकार कायदा, २००५ शिकताना आम्हाला खरेखुरे अर्ज करायला लावले, हे विशेष.

उणिवा गंभीर आहेत. कॅमेरे जुने आहेत आणि संपादनाच्या संगणकासाठी रांग लागते. २००२ पासून देशातील शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओसाठी परवाना मिळू शकतो, तरी आमच्या विभागात ध्वनिमुद्रणाची धड खोलीही नव्हती. ज्या भागात घराघरांत अहिराणी आणि सातपुड्यात पावरी, भिली बोलली जाते, तिथे रेडिओ हे पत्रकारितेचे सर्वांत उपयोगी माध्यम ठरू शकते, म्हणून ही उणीव मला फार खटकते. पत्रकारितेच्या इतिहासाचा पेपर १८३२ च्या ‘दर्पण’पासून सुरू होतो आणि मुंबई-पुण्यातच फिरत राहतो. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले, याचा त्यात साधा उल्लेखही नसावा, हे खान्देशातल्या महाविद्यालयाला शोभणारे नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागात स्वतः जावे आणि विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रायोगिक वृत्तपत्राचे अलीकडचे अंक मागावेत. त्यांत पुरवणीसारखे लेख आणि समारंभांची छायाचित्रेच भरलेली दिसली, तर शुल्क भरण्याआधी फेरविचार करावा. बाजार समिती, ग्रामसभा, जिल्हा रुग्णालय इथल्या बातम्या दिसल्या आणि त्यांखाली विद्यार्थ्यांची नावे असली, तर कॅमेऱ्याचे वय न पाहता प्रवेश घ्यावा.