साराटोगाचं रेसिंग म्युझियम आणि हॉल ऑफ फेम: जावंच, पण एक तक्रार आहे

न्यूयॉर्क राज्यात फिरायला येणारी आपली मंडळी शहर आणि नायगारा करून परत जातात, राज्याची राजधानी अल्बनीच्या थोडं वर साराटोगा स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे तिकडे फारसं कुणी वळत नाही. गावात युनियन अव्हेन्यूवर, रेसकोर्सच्या अगदी समोर, नॅशनल म्युझियम ऑफ रेसिंग अँड हॉल ऑफ फेम आहे. आपल्याकडे रेस म्हटलं की पैसे लावणं एवढंच डोक्यात येतं, त्यामुळे घोड्यांचं म्युझियम म्हणजे काय चार ट्रॉफ्या आणि फोटो असतील असं वाटून बायकोने आधीच नाक मुरडलं होतं, आणि शेवटी तीच बाहेर यायला तयार नव्हती.

म्युझियमची संस्था 1950 ची, हॉल ऑफ फेम 1955 पासून. इथे घोडे, जॉकी आणि ट्रेनर यांना मानाने घेतलं जातं, आणि 2013 पासून मालक, घोड्यांची पैदास करणारे ब्रीडर, खेळासाठी झटलेले लोक यांच्यासाठी पिलर्स ऑफ द टर्फ (म्हणजे या खेळाचे खांब) म्हणून वेगळा विभाग आहे. घेण्याचे नियम बऱ्यापैकी कडक आहेत, ट्रेनरची 25 वर्षं झालेली हवीत, जॉकीची 20, आणि घोडा निवृत्त होऊन पाच वर्षं व्हायला हवीत. हा पाच वर्षांचा नियम मला फार आवडला, काल डर्बीसारखी मोठी रेस जिंकली आज पुतळा असला प्रकार नाही, डोक्यातली हवा उतरल्यावर बघू म्हणतात.

2020 मधे हॉल ऑफ फेमचा भाग नव्याने केलाय. मोठ्या पडद्यांवर चारी बाजूंनी एक फिल्म चालते, टापांचा आवाज थेट छातीत बसतो, आणि मग टचस्क्रीनवर ज्याचं नाव दाबाल त्याची सगळी कुंडली समोर येते. मी तिथेच अडकलो. पोरं पुढे जाऊन परत आली तरी मी जॉन हेन्रीवरच. हा घोडा लहानपणी अकराशे डॉलरला विकला गेला होता, घराणं सामान्य, दिसायला बेताचा, स्वभाव तर विचारू नका, तबेल्यातल्या लोखंडी बादल्या भिंतीवरून ओढून पायाखाली चेपून सपाट करायचा म्हणून त्याचं नाव लोककथेतल्या घण मारणाऱ्या जॉन हेन्रीवरून ठेवलं. शेवटी खच्ची केला. आणि त्याच घोड्याने पुढे 65 लाख डॉलरच्या वर कमावले, 1984 ला नऊ वर्षांचा असताना दुसऱ्यांदा हॉर्स ऑफ द इयर झाला, ज्या वयात बाकीचे घोडे कधीच कुरणात चरत असतात! 1990 ला तो हॉलमधे आला आणि त्याच वर्षी त्याचा ट्रेनर रॉन मॅकअ‍ॅनलीही आला, हे मला फार योग्य वाटलं, कारण असला खाष्ट घोडा सांभाळणं हे एक वेगळंच काम आहे.

पण सगळ्यांच्या बाबतीत असं जमलेलं नाही. सीबिस्किटचं बघा, घोडा 1958 ला हॉलमधे, आणि त्याला घडवणारा ट्रेनर टॉम स्मिथ 2001 ला. त्रेचाळीस वर्षं! तोपर्यंत स्मिथला जाऊनही चार दशकं उलटली होती. दुसऱ्यांनी जवळजवळ सोडून दिलेला घोडा त्या अबोल माणसाने ओळखला, 1938 ला वॉर अ‍ॅडमिरलला समोरासमोरच्या रेसमधे हरवून दाखवलं, आणि मान मिळायला नवीन शतक उजाडावं लागलं.

काळ्या जॉकींचा भाग मात्र कुणीही सोडू नये. मला तरी आधी माहीत नव्हतं की 1875 च्या पहिल्या केंटकी डर्बीत 15 पैकी 13 जॉकी काळे होते. जिंकलेल्या घोड्याचा ट्रेनर अ‍ॅन्सेल विल्यमसन स्वतः गुलामगिरीतून आलेला, त्याला हॉलमधे घेतलं 1998 ला. आयझॅक मर्फी तीन डर्बी जिंकला, 1884, 1890 आणि 1891, आणि 1955 ला सुरुवातीलाच हॉलमधे आला. स्वतःच्या हिशोबाने तो 44 टक्के रेस जिंकायचा, नंतर सापडलेल्या नोंदींवरून आकडा 34 टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तोसुद्धा आजच्या कुठल्याही जॉकीला स्वप्नात दिसेल असाच आहे. त्याच्यानंतरचा जिमी विंकफील्ड 1901 आणि 1902 अशा लागोपाठ दोन डर्बी जिंकला, मग अमेरिकेत काळ्यांना घोड्यावर बसू देणंच बंद होत गेलं तसा रशियात गेला, तिथे नाव कमावलं, क्रांती झाल्यावर पुढे फ्रान्समधे. 1961 ला म्हातारपणी लुइव्हिलच्या एका हॉटेलात त्याला जेवणाचं आमंत्रण होतं तर मुख्य दाराने आत सोडायला तयार नव्हते. हॉलमधे आला 2004 ला. हे वाचून थोडा वेळ नुसता उभा होतो, काय बोलणार.

मुलींना घेऊन जात असाल तर ज्युली क्रोन दाखवाच, 1993 ला कलोनियल अफेअर या घोड्यावर बेलमाँट जिंकली, ट्रिपल क्राउनमधली (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन मोठ्या रेस) रेस जिंकणारी पहिली बाई, आणि 2000 ला हॉलमधे येणारीही पहिलीच. आणि रफियन. ही घोडी पहिल्या दहाच्या दहा रेस जिंकली, 1975 ला फूलिश प्लेझर या घोड्याविरुद्ध दोघांचीच रेस लावली, हजारो लोकांसमोर तिचा पाय मोडला आणि तिला वाचवता आलं नाही. पुढच्याच वर्षी तिला हॉलमधे घेतलं, आजचा पाच वर्षं थांबायचा नियम तेव्हा नव्हता. असल्या जागी नुसता जयजयकार ऐकून मला कंटाळा येतो, या खेळात घोडे मरतात हे मान्य करूनच बोलावं, आणि रफियनसमोर उभं राहिलं की तो विषय टाळताच येत नाही.

सिम्युलेटरवर बसून बघा, चालू आहे का ते आधी विचारून घ्या. टीव्हीवर जॉकी नुसता बसलेला वाटतो, प्रत्यक्षात तो बसतच नाही, रिकिबीत पायाच्या चवड्यांवर उभा, गुडघे वाकवून, पाठ सपाट, ढुंगण हवेत. माझ्या मांड्या अर्ध्या मिनिटात थरथरायला लागल्या, पोरगा खाली उभा राहून हसत होता. आणि जॉकीची सिल्क्स (रंगीत सदरे) आणि खोगीर जवळून बघा म्हणजे कळेल की खोगीर म्हणजे हाताएवढं चामडं आहे, त्यावर बसायची सोयच नाही. हे करून मग जॉकी बिल शूमेकरचा 8,833 विजयांचा आकडा वाचा, वेगळा दिसतो. तैलचित्रंही भरपूर आहेत, घोड्यांची चित्रं काढणारा मनिंग्ज वगैरे, आवड असेल त्याने बघावीत, मी भरभर पुढे गेलो.

साराटोगाला फेव्हरेट घोड्यांचं, म्हणजे हाच जिंकणार असं सगळे धरून चालतात त्यांचं, कब्रस्तान म्हणतात ते उगीच नाही. मॅन ओ वॉर हा गाजलेला घोडा आयुष्यात 21 पैकी एकच रेस हरला ती 1919 ला इथेच, हरवणाऱ्या घोड्याचं नाव चक्क अपसेट. 1973 ला ट्रिपल क्राउन जिंकलेला सेक्रेटेरियट इथे अनियन नावाच्या घोड्याकडून हरला, बेलमाँट 31 लेंग्थने (म्हणजे 31 घोड्यांच्या लांबीने) जिंकून दोन महिनेही झाले नव्हते. म्हणजे समोरच्या रेसकोर्सवर हरायचं आणि रस्ता ओलांडून हॉलमधे अमर व्हायचं. अलीदार तर तिन्ही ट्रिपल क्राउन रेसमधे दुसरा आला, तिन्ही वेळा अफर्म्डच्या मागे, तरी हॉलमधे दोघंही आहेत, हरलेल्यालाही इतका मान देणारी जागा मी तरी कमी बघितल्यात.

आता तक्रार. सेक्रेटेरियटचं सगळं गणगोत इथे सापडतं, घोडा 1974 ला आला, जॉकी रॉन टर्कॉट 1979 ला, ट्रेनर ल्युसियन लॉरिन आहे, मालकीण पेनी चेनरी 2018 ला पिलर म्हणून आली. आणि एडी स्वेट? त्याचा मोतद्दार. रोज पहाटे खरारा करणारा, पाय चाचपून सूज आहे का बघणारा, रेसआधी बिथरलेल्या घोड्याशी बोलत बोलत त्याला शांत करणारा माणूस. दक्षिण कॅरोलायनाच्या गरीब घरातून आलेला. केंटकी हॉर्स पार्कमधल्या सेक्रेटेरियटच्या पुतळ्यात लगाम धरून पुढे चालणारा एडी स्वेट आहे, म्हणजे शिल्पकाराला सुचलं. इथे मात्र मोतद्दारांसाठी विभागच नाही. नियमात बसत नाही वगैरे ठीक आहे हो, पण नियम कुणी आकाशातून टाकलेले नाहीत, 2013 ला मालक आणि ब्रीडरसाठी नवीन विभाग काढता आला तर तबेल्यात राबणाऱ्यांसाठीही काढता येईल. चेकवर सही करणाऱ्याला खांब म्हणायचं आणि रात्री पोट दुखतंय म्हणून घोड्याबरोबर जागणाऱ्याचं नाव भिंतीवर नाही, हे मला पटलं नाही. पाचपैकी चार देतोय ते एवढ्यासाठीच, बाकी सगळ्याला पाच.

जाणाऱ्यांसाठी थोडं. किमान तीन तास काढा, टचस्क्रीनचं वेड लागलं तर जास्तच. रेसचा मुख्य सीझन जुलैपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार), तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलांचे भाव चढतात, त्यामुळे राहायचं बुकिंग आधी करा किंवा अल्बनीत राहून या. नवीन नावांचा सत्कार ऑगस्टच्या सुरुवातीला असतो. हिवाळ्यात म्युझियमचे दिवस आणि वेळ कमी असतात, साइट बघूनच निघा. आणि सीझनमधे गेलात तर सकाळी लवकर रेसकोर्सवर घोड्यांचा सराव बघा, मग म्युझियम. पोरांना कॅप्स घालायला लावा, ऊन लागतं.